जरा मोठ्यानं बोला, बाई

फोनवर शिव्या खायचा मला पगार मिळतो. मी असं म्हटलं की आप्पा चिडतात. ते अख्ख्या लातूरभर सांगत असतात की धाकटी पोरगी आरोग्याच्या कामात आहे. दोन्ही खरं आहे. नांदेडला आयटीआयजवळ इलेक्ट्रिकच्या एका दुकानावर आमचं ऑफिस आहे. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकीपुढं एक कॉम्प्युटर आणि कानावर हेडफोन. कॉम्प्युटर आपला आपणच कुणाचातरी नंबर लावतो आणि पलीकडून ‘हॅलो’ आलं की पडद्यावरचे प्रश्न आम्ही वाचायचे. तंबाखू खाता का, दारू घेता का, ताटात वरून मीठ घेता का, भाजी आठवड्यातून किती दिवस खाता, बीपी कधी मोजलं, साखर कधी तपासली. अशी हजारो उत्तरं गोळा झाली की वरचे लोक त्यातून ठरवतात, कोणत्या भागात कोणता आजार दबा धरून बसलाय. काम डोक्याचं आहे आणि मला मनापासून आवडतं.

पण फोन उचलणाऱ्याला हे कुठं माहीत असतं? त्याला वाटतं, लोनवाली आहे. आईवरून शिव्या येतात, बहिणीवरून येतात, कधी नुसताच घाणेरडा श्वास येतो. एकानं विचारलं, ‘तुझं हापिस कुठं हाय ते सांग, येऊन तोंडच फोडतो.’ मी पत्ता सांगितला आणि म्हटलं, येताना बीपी मोजून या, तुमचं वाढलेलं दिसतंय. सगळे कॉल रेकॉर्ड होतात. ते ऐकून आमच्या सुपरवायझरनी मला बोलावलं. नांदेडच्या जुन्या वस्तीत त्यांच्या घराण्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आम्ही सगळ्या त्यांना भाई म्हणतो. ते म्हणाले, ‘बाई, तुमी लोकांची तब्येत इचारायला बसल्याव की कुस्ती खेळायला?’ मी म्हटलं, दोन्ही. ते हसले, आणि समज दिल्याचं वर कळवून टाकलं.

प्रश्न कुणाला विचारायचे हेही आमच्या हातात नसतं. जो फोन उचलेल त्यालाच विचारत गेलो तर सगळी उत्तरं गड्यांचीच येतील, कारण घरात फोन एकच असला की तो गड्याच्या खिशात असतो. म्हणून वरून नियम आला, घरातल्या मोठ्या माणसांत ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल त्याला फोनवर बोलवायचं. नियम काढणारा नक्कीच मराठवाड्यातला नव्हता. आमच्याकडं सगळ्यांचाच वाढदिवस एक जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारायची, बापानं ‘ज्वारीच्या काढणीत झालतं’ म्हणायचं आणि गुरुजींनी एक जून लिहून मोकळं व्हायचं. सासऱ्याचा एक जून, लेकाचा एक जून, सुनेचाही तोच. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची डोकी उठली. शेवटी भाईंनी तोडगा काढला. सगळे एक जूनवाले निघाले तर घरातल्या बाईला फोन द्यायला सांगायचं, आणि बाईला प्रश्न बाईनंच विचारायचे. हा तोडगा पुढं माझ्या किती उपयोगी पडणार आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

बायका फोनवर यायला लागल्या आणि एक गोष्ट रोज ऐकू यायला लागली. ‘जरा मोठ्यानं बोला बाई, ऐकू येत न्हाई.’ मग घरातलं कुणीतरी स्पीकर चालू करायचं आणि माझे प्रश्न सगळ्या घरादारानं ऐकायचे. मी रेंजला शिव्या घालायची, हेडफोनच्या वायरला घालायची. संध्याकाळपर्यंत ओरडून ओरडून घसा बसायचा.

अशीच एक बाई लोह्याकडच्या कुठल्यातरी गावची होती. बोलकी होती. भाजीचा प्रश्न विचारला तर वार लावून सांगत होती, सोमवारी वांगं, मंगळवारी काहीच न्हाई, बुधवारी बाजारची मेथी. तेवढ्यात मागून गड्याचा आवाज आला, ‘घरातलं कुणाला सांगून राहिलीस गं?’ आणि चापट बसली. चापटीचा आवाज सिनेमातल्यासारखा येत नाही. ओलं धुणं दगडावर आपटल्यासारखा येतो. फोन खाली पडला, पण बंद झाला नाही. मला सगळं ऐकू येत होतं. लाथ पोटात बसली की श्वास कसा बाहेर फेकला जातो तेही. ती रडत नव्हती. ‘नगा, लेकरू उठंल,’ एवढंच हळू आवाजात म्हणत होती. मी उभी राहून हेडफोनमध्ये ओरडले, ‘ए हरामखोरा, सोड तिला!’ सगळं ऑफिस माझ्याकडं बघायला लागलं. त्यानं फोन उचलला, मला एक शिवी हासडली आणि बंद केला. माझ्या पडद्यावर चौकट आली, ‘मुलाखत अपूर्ण. कारण निवडा.’ फोन व्यस्त, नकार, भाषेची अडचण, इतर. मी ‘इतर’ दाबलं आणि हेडफोन टेबलावर आपटून त्याचे दोन तुकडे केले.

नंबर आम्हाला दिसत नाहीत, ते फक्त भाईंच्या मशीनवर असतात. अर्धवट मुलाखती पुन्हा लावायचं काम त्यांचं. त्यांनी तो नंबर पुन्हा पुन्हा लावला. फोन बंदच होता. त्या बाईचं पुढं काय झालं, मला अजून माहीत नाही.

माझा संताप त्या एका चापटीपुरता नव्हता. माझी ताई रेणापूरजवळच्या एका गावात दिलेली होती. आम्ही दोघीच बहिणी, भाऊ नाही, म्हणून लहानपणी भाऊबीजेला ताई मलाच ओवाळायची आणि मी ताटात चॉकलेटचा कागद टाकायची. दाजींबद्दल लोक चांगलंच बोलायचे. शेती पाण्याखाली, ट्रॅक्टर दारात, माणूस निर्व्यसनी. दारू नाही, बिडी नाही, सुपारीसुद्धा नाही. आमच्या प्रश्नावलीत बसवला असता तर ठणठणीत निघाला असता, एकही धोका नाही. पिऊन मारणाऱ्याबद्दल लोक निदान म्हणतात, शुद्धीत नव्हता. दाजी शुद्धीत मारायचा. हात धुऊन, जेवून, दाराला कडी लावून मारायचा.

पोळ्याच्या सणात कळलं की फार झालंय. आप्पा चार पाहुणे आणि मला घेऊन तिकडं गेले. बैठक बसली, चहा झाला, दाजीनं सगळ्यांदेखत आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. ‘चुकलं माजं, पुन्हा हात लावणार न्हाई.’ आप्पांचे डोळे भरून आले. माझे नाही आले. मी अंगणातच त्याला तोंडावर काय काय म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमची जीप वेशीबाहेर पडायच्या आत त्यानं ताईला पुन्हा धरलं. हे आम्हाला गावात बांगड्या भरायला जाणाऱ्या कासारणीनं सांगितलं. ताईनं तिच्याजवळ निरोप दिला होता, ‘म्हायेरचं कुणी येऊ नगा. ट्रॅक्टरच्या डिझेलचा कॅन आणून घरात ठेवलाय त्यांनी. तुमी आलाव की पेटवीन म्हणतेत.’

त्यानंतर दाजीनं ताईचा फोन काढून घेतला. आई दाजीच्या नंबरावर लावायची. ‘झोपलीय’, ‘शेतात हाय’, ‘न्हात हाय’. दिवाळीला पाठवली नाही. पोलिसात गेलो तर त्यांनी सांगितलं, तिला घेऊन या, तिची सही लागंल. ती येऊ शकत नाही म्हणून तर आलोय, हे मी ओरडून सांगितलं. आप्पांनी माझा हात धरून मला बाहेर आणलं. आई जेवायची बंद झाली. ताई जिवंत आहे की नाही, एवढंच आम्हाला हवं होतं. असेल, तर ती तशीच राहायला हवी होती.

ऑफिसात मी तंबाखूचे प्रश्न विचारत होते आणि डोळ्यांपुढं डिझेलचा कॅन होता. एक दिवस भाईंनी विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. मग मी म्हटलं, भाई, दाजीच्या नंबरावर आपला सर्व्हे लावू या. त्यांनी बराच वेळ गालाला हात लावून विचार केला. ‘आपण निवडलेला नंबर लावायचा न्हाई, हा पहिला नियम हाय. कळलं तर तुमची नोकरी जाईल, माझी पण. माझ्या तर दोन पोरी शाळेत हायत.’ ते उठले, खोलीचं दार लावून आले आणि म्हणाले, ‘नंबर सांगा.’

दुपारची वेळ होती. दाजी जेवून घरात असणार, हे मला माहीत होतं. भाईंनी फोन लावला आणि दुसरा हेडफोन माझ्या कानाला दिला.

‘नमस्कार साहेब, आरोग्याच्या सर्व्हेतून बोलून राहिलो.’

‘योजनंचं हाय का?’ दाजीचा आवाज ऐकताच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘बाईच्या खात्यावर येतंय ते?’

‘न्हाई साहेब. याच्यात काहीच मिळत न्हाई.’ हे वाक्य नियमानं सांगावंच लागतं. आणि ते सांगितलं की लोकांची खात्री पटते की काहीतरी नक्की मिळणार आहे. दाजीचा आवाज लगेच गोड झाला. ‘इचारा की साहेब, बिनधास्त इचारा.’

घरात मोठे कोण कोण? ‘मी, आई आणि मालकीण.’ वाढदिवस? ‘एक जून. तिघांचाबी.’

‘मग नियमानं बाईंना द्यावं लागतंय. आमच्या मॅडम इचारतील.’

दाजीनं हाक मारली, ‘ए, ये इकडं. सरकारी फोन हाय. नीट बोल.’

दाजीनं माझा आवाज ऐकला होता तो फक्त भांडताना. माझा ऑफिसचा आवाज त्याला ठाऊक नव्हता. ‘आपण’, ‘कृपया’, ‘धन्यवाद’ असला, इस्त्री केलेला. तोच काढला. ‘नमस्कार. आपल्या आरोग्याविषयी काही प्रश्न विचारायचे आहेत.’

‘हॅलो,’ ताई म्हणाली. जिवंत होती. मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली की नख मोडलं. मग ती म्हणाली, ‘जरा मोठ्यानं बोला बाई. ऐकू येत न्हाई.’

आणि खटकन आवाज बदलला. पंख्याची घरघर, बाहेर म्हशीचं हंबरणं, दाजीचं खाकरणं, सगळं एकदम कानात आलं. त्यानं स्पीकर चालू केला होता. संशयी कुत्रा, मी मनात म्हटलं. आता एक शब्दही इकडचा तिकडं करता येणार नव्हता. भाईंनी पडद्याकडं बोट केलं. वाचा, ओठांनीच म्हणाले, नुसतं वाचा.

मी वाचलं. एकंदर तब्येत कशी आहे? ‘चांगली.’ तंबाखू? ‘न्हाई.’ घरात दुसरं कुणी? ‘आमच्याकडं कुणी काईच खात न्हाई.’ मागून दाजी म्हणाला, ‘निर्व्यसनी घर हाय म्हणून लिव्हा मॅडम.’ गेल्या वर्षभरात दवाखान्यात जावं लागलं अशी काही इजा? पडणं, भाजणं, मार लागणं?

‘न्हाई,’ ताई म्हणाली. ‘दवाखान्यात गेलेच न्हाई मी.’

खोटं नव्हतं ते. त्यानं तिला कधी दवाखान्यात नेलंच नव्हतं. आमच्या प्रश्नात फक्त दवाखान्यापर्यंत पोचलेल्या जखमा मोजतात, आणि हे मला आजवर कधी सुचलं नव्हतं. सगळी उत्तरं ‘नाही’ येत होती. या हिशेबानं माझी बहीण मराठवाड्यातली सगळ्यात सुखी बाई ठरली असती. मी पुढचा प्रश्न वाचला, डोकं ठिकाणावर नसताना. ऐकण्यात काही अडचण आहे का?

पंखा घरघरत राहिला.

‘हाव,’ ती म्हणाली.

दाजी हसला. ‘एका कानानं बहिरीच झालीय. म्हणून तर स्पीकर लावला मॅडम. लिव्हा, त्याचंबी काही मिळत असंल तर.’

‘केव्हापासून?’ हा प्रश्न पडद्यावर नव्हता.

‘पोळ्यापासून,’ ताई म्हणाली.

संशयानं नाही लावला स्पीकर. तिचा कान त्यानंच फोडला होता, आणि आता तिला ऐकू येत नाही म्हणून लावला होता. बैठकीनंतरचाच तो मार असणार. आप्पांच्या पायावर ठेवलेलं ते डोकं माझ्या हाताशी असतं तर मी दगडावर ठेचलं असतं. मला अजून तसंच वाटतं, आणि त्याची लाजही वाटत नाही. भाईंनी माझ्या खांद्याला हलकेच टोचलं. पुढचा प्रश्न चालण्याचा होता.

‘सलग दहा मिनिटं चालणं होतं का?’

‘रोज न्हाई. बाजाराच्या दिवशी होतं.’

‘कुठपर्यंत जाता?’ हा प्रश्नही माझाच.

‘रेणापूरला. पांदीच्या वाटेनं.’ ती सावकाश बोलत होती, लहान मुलाला लिहून घ्यायला सांगावं तशी. ‘सासूबाई असत्यात संगं. त्यांचे गुडघे दुखत्यात, त्या देवळात टेकत्यात. मग मी एकलीच फुडं जाते. एसटी स्टँडासमोर मिरची कांडपाची गिरण हाय, तितपर्यंत.’

‘सकाळी की दुपारी?’

‘दुपारी. ऊन कललं की.’

‘छान,’ मी म्हटलं. ‘चालणं सोडू नका. याही बाजारी जा.’

‘जाते की,’ ताई म्हणाली. आणि मग, कुणी न विचारता, ‘तुमी बी येळंवर जेवत जावा बाई. लई बोलावं लागतंय तुमाला.’ मी शाळेत डबा तसाच परत आणायची तेव्हापासून ती मला हेच म्हणत आली होती. तिनं मला पहिल्या प्रश्नालाच ओळखलं होतं. मी दाजीला त्याच्या बहुमूल्य वेळेबद्दल धन्यवाद दिले. त्यानं पैसे कधी जमा होतील ते विचारलं. भाईंनी कॉल बंद केला आणि मी तिथंच खुर्चीत ढसाढसा रडले.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी अहमदपूरमार्गे लातूरला आले आणि दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन रेणापूरला गेले. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता. आमच्याकडं उन्हात निम्म्या पोरी तशाच फिरतात, कुणी बघत नाही. आप्पांना लातूरच्या गाडीत बसवून ठेवलं होतं. एवढ्या गडबडीतही त्यांनी खिडकीतून आधी रुमाल टाकून तीन जागा धरल्या. मला त्या रुमालाचा राग आला.

ताई गिरणीतून बाहेर आली. हातात तिखटाची गरम पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. मी डाव्या बाजूनं जाऊन ‘ताई’ म्हटलं. तिनं वळून पाहिलं नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. ती तशीच पुढं चालत राहिली. तेव्हा मी तिचा दंड धरला, आणि ती एकदम खाली दबली, कोपर डोक्यावर घेऊन, भर बाजारात, मार चुकवायला. मी स्कार्फ खाली ओढला. आम्ही दोघी गाडीकडं धावलो.

दाजीला कुणी सांगितलं कळलं नाही. सासूनं असेल, किंवा बाजारातल्या कुणी. ताईचा एक पाय गाडीच्या पायरीवर असताना त्याची मोटारसायकल आडवी आली. त्यानं ती तशीच लोटून दिली आणि ताईचे केस धरून तिला खाली ओढलं. ती पाठीवर पडली. डोकं पायरीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. त्यानं छातीवर लाथ घातली, तिथंच, एवढ्या माणसांपुढं. लोक गोल करून उभे राहिले. दोघातिघांनी मोबाईल वर केले. मी त्याच्या अंगावर गेले तर त्यानं माझ्या तोंडावर ठोसा मारला. पुढचा दात तुटून जिभेवर आला. तो मी थुंकले आणि केसांत गुंतलेला त्याचा हात धरून मनगटाला चावले. सोडला नाही. त्यानं माझ्या डोक्यात, कानावर, पाठीवर गुद्दे घातले, मी दात रोवतच गेले. त्याचं रक्त तोंडात आलं, खारट, आणि मला बरं वाटलं. तो ओरडला आणि केस सुटले. तेवढ्यात ताई उठून बसली होती. तिनं पिशवीचं तोंड सोडलं आणि ते ताजं, गरम तिखट त्याच्या डोळ्यांवर पालथं केलं.

तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकलेला नाही. गर्दी खोकत मागं सरली, मोबाईलवाले आधी. आप्पांनी वरून ताईला काखेत धरून आत ओढली. ‘चढा बायांनो, चढा,’ कंडक्टरनं मला आत लोटलं, दार आपटलं आणि घंटी ओढली. लातूर येईपर्यंत सगळी गाडी शिंकत होती, खोकत होती, नाकं पुसत होती. कुणीही आम्हाला एक शब्द बोललं नाही. एका म्हातारीनं माझ्या तोंडाला लावायला आपला पदर ओला करून दिला. ताई माझ्या उजव्या हाताला खिडकीशी बसली होती. मी काहीतरी विचारलं तर ती उठली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. ‘हिकडून बोल,’ म्हणाली, ‘तिकडून ऐकू येत न्हाई.’

लातूरला डॉक्टरांनी कानात बत्ती घालून बघितलं. पडदा फाटून पू झाला होता आणि वेळ निघून गेलेला. ‘चापटीनं होतं असं,’ ते म्हणाले. ‘माझ्याकडं अशा बाया येतात. डावाच कान असतो बहुतेक.’ मी विचारलं, डावाच का? त्यांनी माझ्यासमोर आपला उजवा हात नुसता हवेत फिरवून दाखवला. समोर उभ्या असलेल्या बाईच्या डाव्या गालावर तो बरोबर बसला असता. बरोबर आलेल्या आईनं तोंड फिरवलं.

आता तिची सही होती. तक्रार झाली, दाजीला धरलं, जामिनावर सोडलं, केस चालू आहे. त्याची माणसं अजून येऊन दारात बसतात आणि समेटाचं बोलतात. आप्पा आता कुणाला चहा विचारत नाहीत. ताई घरी आहे. तिच्या झोपेत अजून मार चालू असतो, तिला उठवायचं तर पायाकडून उठवावं लागतं. पण ती जेवते, आणि मला जेवलीस का म्हणून विचारते.

मी कामावर परत गेले तेव्हा तुटक्या दातातून माझा प्रत्येक ‘स’ शिट्टी मारत होता. ‘साखर’ आणि ‘सिगारेट’ म्हणताना तर फारच. भाई म्हणाले, ‘एक महिना तुमी फक्त बीपीचं इचारा.’ त्यांनी ताईची मुलाखत काढून टाकली होती. हातानं निवडलेला नंबर सर्व्हेत धरता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येकीनं आपापल्या बहिणीला फोन लावला तर त्या सगळ्या कामाला अर्थच उरणार नाही.

सुट्टीला घरी गेले तेव्हा ताईनं विचारलं, ‘त्या तुझ्या सर्व्हेत माजं काय लिव्हलं गं?’ मी सांगितलं, काही नाही, काढून टाकलं. ती गव्हातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, ‘कानाचं तेवढं एक खरं बोलले व्हते मी.’

मी अजून तेच काम करते. बाया अजून म्हणतात, जरा मोठ्यानं बोला बाई. रेंजला आता मी शिव्या घालत नाही. परवा एकीनं तसंच म्हटलं, आणि खटकन स्पीकर लागला. मागं कुणीतरी गडी खाकरला. मी इस्त्रीच्या आवाजात विचारलं, कोणत्या कानानं कमी ऐकू येतं?

‘डाव्या,’ ती म्हणाली.

पडद्यावर डाव्या-उजव्याला चौकट नाही. भाई त्यांच्या खोलीच्या काचेपलीकडून माझ्याकडं बघत होते. त्यांनी मान खाली घातली आणि घड्याळाला चावी देत बसले. मी तंबाखू, मीठ, भाजी, साखर, सगळं नियमाप्रमाणं विचारलं. मग चालण्याचा प्रश्न आला. तो मी सावकाश वाचला.

‘बाजाराच्या दिवशी कुठपर्यंत चालत जाता? एकट्याच असता का?’